खुलाशाला लागणारा वेळ

१७ फेब्रुवारी २०२४ रोजी लासलगाव बाजार समितीत कांद्याचा सर्वसाधारण भाव क्विंटलला १,२८० रुपये होता आणि १९ तारखेला तो १,८०० रुपये झाला. मधल्या दोन दिवसांत शिवारात काही बदलले नव्हते; केंद्र सरकारने कांद्यावरची निर्यातबंदी उठवल्याचे वृत्त तेवढे येऊन गेले होते. २० तारखेला केंद्रीय ग्राहक व्यवहार सचिवांनी बंदी उठवलेली नाही, ती आधी ठरल्याप्रमाणे ३१ मार्चपर्यंत लागू आहे, असे स्पष्ट केले. पुढे मार्च संपण्याआधीच तिची मुदत बेमुदत वाढवण्यात आली. प्रत्यक्षात ती उठली ४ मे रोजी, आणि तेव्हाही टनामागे ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य व ४० टक्के शुल्क यांचे ओझे घेऊनच.

खोट्या बातम्यांवरील चर्चेत हे उदाहरण सहसा कोणी घेत नाही, कारण त्यात त्या चर्चेला हवे असलेले काहीच नाही. छायाचित्रात फेरफार नाही, परदेशातून चालणारे बनावट खाते नाही, पहाटे चार वाजता गटात येऊन पडणारा निनावी संदेश नाही. वृत्त नेहमीच्या, नोंदणीकृत माध्यमांनी दिले, लोकप्रतिनिधींनी त्याचे जाहीर स्वागत केले आणि फक्त अधिसूचना तेवढी निघाली नव्हती. खोटी बातमी म्हटले की आपले लक्ष ती रचणाऱ्याकडे आणि तिच्यावर विश्वास ठेवणाऱ्याकडे जाते. पहिल्याला शिक्षा व्हावी आणि दुसऱ्याला शहाणपण यावे, एवढ्यावर बहुतेक लेख, परिसंवाद आणि पोलिसांची आवाहने थांबतात. ज्याच्या हातात खरी माहिती होती आणि ज्याने ती वेळेवर, समजेल अशा भाषेत दिली नाही, असा एक तिसरा पक्ष या व्यवहारात असतो. नाशिकसारख्या जिल्ह्यात चुकीच्या माहितीने होणाऱ्या नुकसानीचा मोठा भाग या तिसऱ्या पक्षाच्या खात्यावर टाकला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

निफाड किंवा येवला तालुक्यातल्या शेतकऱ्याला ‘आधी खात्री करा, मग विश्वास ठेवा’ असे सांगणे सोपे आहे. फेब्रुवारीत बाजारात येणारा लाल कांदा उन्हाळ कांद्याप्रमाणे चाळीत महिनोन्महिने टिकत नाही. तो काढला की विकावा लागतो. म्हणजे उद्या ट्रॅक्टर भरायचा की चार दिवस थांबायचे, हा निर्णय एका रात्रीत घ्यायचा असतो. त्या रात्री खात्री करायची म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर जाऊन कायदेशीर इंग्रजी-हिंदीतली अधिसूचना शोधायची, आणि न निघालेली अधिसूचना तिथे सापडणारच नाही, हे न सापडण्यावरूनच ओळखायचे. हे काम निर्यातदाराच्या कार्यालयातला कारकून करू शकतो. ज्याचा माल शेतात पडून आहे त्याच्याकडून ही अपेक्षा करणे म्हणजे यंत्रणेचे काम त्याच्या गळ्यात घालणे आहे. १९ तारखेला ज्याचा माल विकला गेला तो सुटला. त्या भावाने घेणारा व्यापारी आणि वाढीव भावाच्या आशेने घाईने काढणी केलेला शेतकरी हे दोघेही एका अर्धवट बातमीची किंमत मोजून मोकळे झाले. सर्वांत लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, हे सगळे होत असताना खरी स्थिती काय आहे हे दिल्लीतल्या एका खात्याला पहिल्या तासापासून ठाऊक होते.

या तिसऱ्या पक्षाचा दोष नेहमी गप्प बसण्याचाच असतो असे नाही. माहिती दिली जाते, पण ती घेणाऱ्याच्या उपयोगाची नसते, आणि मग खऱ्या आकड्यांतूनच खोटी समजूत तयार होते. दर पावसाळ्यात गोदावरीवरच्या गंगापूर धरणातून पाणी सोडले की विसर्गाचा आकडा क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी या मापात, जाहीर होतो. त्याच वेळी नाशिक शहरातल्या होळकर पुलाखालून वाहणाऱ्या पाण्याचा आकडा वेगळा आणि बहुधा मोठा असतो, कारण धरण आणि पूल यांच्या मधल्या भागात पडलेला पाऊस, ओढे आणि शहरातले नाले त्यात येऊन मिळतात. दोन्ही आकडे खरे असतात. पण हा खुलासा सोबत नसला की, प्रशासन विसर्ग लपवत आहे, असा निष्कर्ष निघतो. त्यात मागच्या एखाद्या वर्षाची रामकुंडाची ध्वनिचित्रफीत मिसळली जाते आणि तासाभरात सराफ बाजारातले, भांडी बाजारातले दुकानदार माल वरच्या मजल्यावर हलवू लागतात. अर्थात कधी कधी ते बरोबरही असते, हे नाशिककरांना २००८, २०१६ आणि २०१९ च्या पुरांनी शिकवले आहे. म्हणूनच अफवा कोणती आणि इशारा कोणता हे त्या क्षणी ओळखता येत नाही.

या शहराने त्यावर फार पूर्वी स्वतःपुरता एक उपाय काढला होता. रामकुंडाजवळ नदीपात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी लागले, कमरेला लागले, छातीला लागले, यावरून पुराचा अंदाज घेण्याची रीत अजून मोडलेली नाही, आणि स्थानिक वृत्तपत्रेही पुराची बातमी याच मापाने देतात. या मापाचे महत्त्व भावनेपुरते नाही. ते सर्वांना दिसते, कोणालाही स्वतः जाऊन पडताळता येते आणि त्यावरून पुढे काय होणार हे पिढ्यांच्या अनुभवाने ठरलेले असते. क्युसेकचा आकडा यातले काहीच देत नाही. अमुक इतका विसर्ग कायम राहिला तर पाणी साधारण किती वाजता कुठपर्यंत येईल, हे जाहीर करणे जलसंपदा खाते आणि महापालिका यांना अशक्य नाही. हे गणित त्यांच्या अभियंत्यांना करावेच लागते, फक्त ते लोकांसाठी मांडले जात नाही.

खऱ्या कागदातून खोटी बातमी कशी निघते याचे दुसरे उदाहरणही नाशिकशी जोडलेले आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदीनंतर दोन हजारांच्या नव्या नोटेत जमिनीखालूनही माग काढणारी नॅनो चिप असल्याची बातमी काही दूरचित्रवाणी वाहिन्यांनी गंभीर चेहऱ्याने दाखवली होती. ती आज विनोद म्हणून सांगितली जाते. जून २०२३ मधली बातमी मात्र विनोद नव्हती. माहिती अधिकारात नोटा छापखान्यांकडून मिळालेले आकडे आणि रिझर्व्ह बँकेच्या अहवालांतील आकडे शेजारी ठेवून, पाचशे रुपयांच्या ८८,०३२.५ कोटी रुपये मूल्याच्या नोटा छापल्या गेल्या पण बँकेत पोहोचल्याच नाहीत, असे वृत्त प्रसिद्ध झाले, आणि त्यात नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसचे नाव ठळकपणे आले. १७ जून रोजी रिझर्व्ह बँकेने हे वृत्त चुकीचे असल्याचे, छापखान्यांच्या माहितीचा चुकीचा अर्थ लावल्याचे आणि छापखान्यांतून आलेल्या सर्व नोटांचा हिशेब असल्याचे निवेदन काढले.

खुलासा तत्पर होता, हे मान्य केले पाहिजे. तरी तो अपुरा होता. आमच्याकडे ताळमेळाची भक्कम व्यवस्था आहे, एवढे सांगून ज्या आकड्यांवरून शंका निघाली ते आकडे कसे जुळतात हे त्यात दाखवलेले नव्हते. ज्याने आकडे मांडून आरोप केला त्याला ‘विश्वास ठेवा’ हे उत्तर होऊ शकत नाही. परिणामी ज्यांचा बँकेवर विश्वास होता त्यांचा तो राहिला, ज्यांचा नव्हता त्यांचा आणखी कमी झाला, आणि आयुष्यभर तपासणीच्या दारातून आत-बाहेर करणाऱ्या छापखान्यातल्या कामगारांवर विनाकारण संशयाची छाया पडली.

येथवर वाचून कोणी म्हणेल की लेखक सगळा दोष सरकारी कार्यालयांवर ढकलतो आहे आणि अफवेने माणसे मारणाऱ्या जमावाला मोकळे सोडतो आहे. हा आक्षेप हलका नाही. १ जुलै २०१८ रोजी शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा येथे आठवडे बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठेचून मारले. भिक्षेसाठी गावोगाव फिरणारी ती माणसे होती. त्याच सुमारास नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावातही अशाच संशयावरून जमावाने घेरलेल्या, दोन वर्षांच्या मुलासह पाच जणांना पोलिसांनी सोडवले. त्या काळात देशभर फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एक कराचीतल्या बालसुरक्षा मोहिमेसाठी केलेल्या नाट्यीकृत जाहिरातीतून कापलेली होती. मूळ चित्रफितीत दुचाकीस्वार मुलाला परत आणून सोडतात आणि संदेशाचा फलक दाखवतात, तो शेवट कापून टाकण्यात आला होता. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. ती योग्य होती, पण तिने फक्त वेग कमी होतो.

राईनपाड्याचे स्पष्टीकरण माहितीच्या अभावाने पूर्ण होत नाही, हे मला मान्य आहे. अनोळखी, फाटक्या कपड्यांतला, वेगळ्या बोलीचा माणूस दिसताच तो चोर असणार, हा संशय मोबाइलच्या आधीपासून आपल्या गावांत आहे, आणि ब्रिटिशांनी १८७१ च्या कायद्याने कित्येक जमातींवर मारलेला गुन्हेगारीचा शिक्का १९५२ मध्ये कागदावरून पुसला गेला तरी भटक्यांकडे बघण्याच्या गावाच्या नजरेतून गेलेला नाही. अफवेने नवे काही निर्माण केले नाही, होते त्याला निमित्त पुरवले. तरीही एक प्रश्न उरतो. ती अफवा कित्येक दिवस फिरत होती. त्या दिवसांत तालुक्यात खरोखर एक तरी मूल पळवले गेले आहे का, याचे उत्तर पोलीस ठाण्याच्या नोंदवहीत तयार होते. ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ या सर्वसाधारण आवाहनापेक्षा ‘आपल्या तालुक्यात गेल्या महिन्यात मूल पळवल्याची एकही तक्रार नाही’ हे वाक्य, तेथील बोलीत, आठवडे बाजारात, ज्याला गाव ओळखते अशा माणसाच्या तोंडून आले असते तर निदान काही जण थबकले असते. पालघरच्या गडचिंचले येथे १६ एप्रिल २०२० रोजी दोन साधू आणि त्यांचा चालक अशाच अफवेला बळी पडले तेव्हा तर हत्येनंतर दुसरी अफवा सुरू झाली. घटनेच्या चित्रफिती देशभर पसरल्या, तिला धार्मिक रंग चढला, आणि अटक झालेल्या १०१ जणांची नावे गृहमंत्र्यांनी जाहीर केली ती २२ तारखेला.

माध्यमांकडे वळताना एक हलका पण बोलका प्रसंग आठवतो. जून २०२१ मध्ये नाशिकमधल्या एका ज्येष्ठ नागरिकाने कोविडची लस घेतल्यावर आपले शरीर चुंबकीय झाले, असा दावा केला आणि अंगाला चमचे, नाणी, ताटल्या चिकटलेल्या अवस्थेतली त्यांची दृश्ये देशभर दाखवली गेली. लशीत चुंबकत्व आणणारे काहीही नाही, असा खुलासा केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाने केला. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी घाम आणि त्वचेचा चिकटपणा यांकडे बोट दाखवले. लसीकरणाबद्दल ग्रामीण आणि आदिवासी भागात आधीच भीती असताना हे घडले, म्हणून त्याला निव्वळ गंमत म्हणता येत नाही. त्या गृहस्थांना मी दोष देणार नाही. त्यांनी जे पाहिले ते सांगितले. पण त्यांच्या घरी कॅमेरे घेऊन गेलेल्यांपैकी एकाने जरी खिशात दहा रुपयांचे होकायंत्र नेले असते तर सुई हलत नाही हे तिथल्या तिथे दिसले असते. स्वयंपाकघरातली बरीचशी स्टीलची भांडी लोहचुंबकालाही चिकटत नाहीत, हे तर घरात कोणालाही विचारून कळले असते.

बातमीदाराने होकायंत्र का नेले नाही याचे उत्तर त्याच्या आळसात शोधणे अन्यायाचे ठरेल. तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या वार्ताहराला मिळणारे मानधन, त्याच्याकडून अपेक्षित असलेल्या जाहिराती आणि आता संकेतस्थळासाठी दर तासाला लागणारा मजकूर, यांत पडताळणीसाठी वेळ कोणी मोजलेलाच नाही. अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी २००६ ते २०१७ या काळातील ट्विटरवरच्या सुमारे १,२६,००० बातम्यांच्या प्रवासाचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्के अधिक आढळली, आणि खऱ्या बातमीला १,५०० लोकांपर्यंत पोहोचायला सुमारे सहापट वेळ लागला. हे यंत्रांनी नव्हे, माणसांनी केले, असाही त्यांचा निष्कर्ष होता. तो अभ्यास एका परक्या माध्यमाचा आहे. तरी ज्या वृत्तसंस्थेला वाचकांच्या संख्येवरच जगायचे आहे तिला या आकड्यांत कोणता मोह दिसेल हे सांगायला नको. चूक उघड झाल्यावर तर आमची वृत्तपत्रे फारच संकोची होतात. पहिल्या पानावर पाच रकान्यांत आलेल्या बातमीची दुरुस्ती आतल्या पानावर, निविदा सूचनांच्या शेजारी चार ओळींत येते, आणि संकेतस्थळावरची बातमी काही न सांगता नाहीशी होते, जणू ती कधी छापलीच नव्हती. चूक ज्या पानावर झाली त्याच पानावर दुरुस्ती, आणि संकेतस्थळावर मूळ मजकूर न पुसता त्याच्या माथ्यावर खुलासा, एवढी शिस्त नाशिकच्या दैनिकांनी आपसांत ठरवून पाळली तर त्यासाठी कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागणार नाही.

कायद्याबाबत मी साशंक आहे, आणि त्याचे कारण पुन्हा कांद्यापाशी येते. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती करून, केंद्राच्या कारभाराविषयीची कोणती माहिती बनावट, खोटी वा दिशाभूल करणारी आहे हे ठरवणारा सत्यपडताळणी कक्ष नेमण्याची तरतूद केली. मार्च २०२४ मध्ये पत्र सूचना कार्यालयाला तो दर्जा देणारी अधिसूचना निघाली आणि दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. मुंबई उच्च न्यायालयात आधी दोन न्यायमूर्तींचे मत विभागले गेले होते; तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी ही दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. निकालाच्या कायदेशीर बाजूत न शिरताही व्यवहारातली अडचण दिसते. फेब्रुवारी २०२४ मधली निर्यातबंदीची बातमी सत्तेच्या वर्तुळातूनच बाहेर आली होती आणि तिचे खंडनही सरकारनेच केले. अशा वेळी सरकारी कक्षाने दोषी कोणाला ठरवायचे? स्वतःविषयीच्या बातमीचा न्यायनिवाडा सरकारच्या हाती देणे आणि स्वतःजवळची माहिती देण्यास सरकारला बांधून घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा हट्ट धरताना दुसरी मागे पडली. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ ने कार्यालयांवर स्वतःहून माहिती प्रसिद्ध करण्याचे बंधन २००५ पासूनच घातले आहे. कोणत्याही तालुका कार्यालयाच्या भिंतीवरचा त्याचा फलक वाचला तर तो कोणत्या वर्षी रंगवला होता हेही सहसा कळत नाही.

हे सगळे आता नाशिकमध्ये लवकरच पणाला लागणार आहे. सिंहस्थ कुंभमेळ्यातील पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ रोजी आहे. २७ ऑगस्ट २००३ च्या पर्वणीला रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवर झालेली चेंगराचेंगरी पंचवटी विसरलेली नाही. त्या वेळी हातोहाती मोबाइल नव्हते. २२ जानेवारी २०२५ रोजी जळगाव जिल्ह्यात पाचोऱ्याजवळ पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याच्या अफवेने प्रवासी खाली उतरले आणि शेजारच्या रुळावरून आलेल्या गाडीखाली किमान १२ जण चिरडले गेले. त्या अफवेला इंटरनेटची गरजही पडली नाही. त्याच महिन्यात २९ तारखेला प्रयागराजच्या कुंभमेळ्यात पहाटेपूर्वी चेंगराचेंगरी झाली, आणि ३० मृत्यूंचा अधिकृत आकडा संध्याकाळी जाहीर झाला. मधल्या सगळ्या दिवसभर ज्यांचे नातेवाईक गर्दीत हरवले होते त्यांना कोणताही आकडा खरा वाटणे स्वाभाविक होते, आणि नंतर आलेला अधिकृत आकडा अनेकांना खोटा वाटला. १५ फेब्रुवारीला नवी दिल्ली रेल्वेस्थानकावर १८ जणांचा बळी गेला, तेव्हाही सारख्या नावांच्या गाड्यांच्या घोषणांमुळे प्रवाशांचा गोंधळ झाल्याचे पोलिसांनी सांगितले. तिथे गोंधळ ज्या ध्वनिक्षेपकावरून पसरला तो रेल्वेचाच होता.

सिंहस्थाच्या तयारीत रस्ते, घाट, पूल, साधुग्राम यांची चर्चा रोज होते. माहितीच्या यंत्रणेची चर्चा कॅमेऱ्यांच्या संख्येवर येऊन थांबते. कॅमेरे प्रशासनाला दाखवतात, भाविकाला काही सांगत नाहीत. काही साधे निर्णय आत्ताच जाहीर व्हायला हवेत: घाटावर काही घडले तर बोलण्याचा अधिकार कोणत्या एका अधिकाऱ्याला असेल, तो पहिले निवेदन किती मिनिटांत करेल, माहिती अपुरी असेल तर ‘अपुरी आहे, पुढचे निवेदन अमुक वाजता’ असे सांगण्याची त्याला मुभा असेल का, आणि जखमी व मृतांचे आकडे वरून परवानगी येईपर्यंत रोखले जाणार नाहीत याची हमी कोण देईल. घोषणा मराठी आणि हिंदीबरोबर गुजराती, तेलुगू, कन्नडमध्येही हव्यात, कारण गोदावरीवर येणारा भाविक फक्त महाराष्ट्रातून येत नाही. पर्यायी वाटांची, गाड्यांची आणि घाटांची नावे एकमेकांसारखी नसावीत. वीज आणि मोबाइलचे मनोरे बंद पडले तरी चालतील असे ध्वनिक्षेपक आणि रामकुंडापासून तपोवनापर्यंत रोज त्याच जागी उभे राहणारे, लोकांच्या ओळखीचे झालेले स्वयंसेवक लागतील, आणि त्यांची रंगीत तालीम २०२७ च्या श्रावणात करता येणार नाही. ती त्याआधी, एखाद्या साध्या पुराच्या दिवशी, गंगापूरच्या विसर्गाचा आकडा लोकांना समजेल असा सांगून सुरू करता येईल.